‘माहितीपत्रक वाचा’ हे उत्तर नाही : ई-सिगारेट उत्पादकांना आणि नियामकांना खुले पत्र

प्रति,
ई-सिगारेट आणि तिचे सेल, चार्जर बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक,
तसेच या वस्तूंना बाजारात येऊ देणारे, मानकं ठरवणारे आणि तक्रारी नोंदवून घेणारे सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

ई-सिगारेटच्या पेटलेल्या सेलने माझा भाऊ भाजला, त्याबद्दलचं हे पत्र मी आधी बंद पाकिटातून पाठवलं होतं, एका उत्पादक कंपनीला आणि एका नियामक कार्यालयाला. दोघांची उत्तरं आली. कंपनी म्हणते, वापरणाऱ्याने सुटा सेल धातूच्या वस्तूंबरोबर खिशात ठेवला, हा माहितीपत्रकातल्या सूचनांचा भंग आहे, सबब जबाबदारी आमची नाही. कार्यालय म्हणतं, हे उपकरण निकोटिनचा विषय पाहणाऱ्या विभागाकडे येतं, आमच्याकडे नाही. त्या विभागाला विचारलं तर त्यांनी सांगितलं की बॅटरी हा ग्राहकवस्तूंचा विषय आहे, म्हणजे पुन्हा पहिल्याच दाराशी जा. दोन्ही पत्रांची भाषा सभ्य आहे आणि त्यांत धडधडीत खोटं असं काही नाही. तरी ती मला मान्य नाहीत. का नाहीत, हे आता चारचौघांदेखत सांगतो.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. मी लिथियम-आयन सेलचे पॅक जोडतो. सेल तपासायचे, व्होल्टेज जुळवून गट पाडायचे, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करायच्या, वर प्रोटेक्शन सर्किट बसवायचं, हे माझं रोजचं काम. दुसरा संबंध माझ्या धाकट्या भावाचा. त्याच्या ई-सिगारेटचा जादा सेल पँटच्या खिशात किल्ल्यांसोबत होता. तो पेटला. मांडी भाजली, आणि सेल बाहेर काढायला गेला म्हणून उजव्या हाताची बोटंही. पँट कृत्रिम धाग्याची, ती वितळून कातडीला चिकटली. दुसऱ्या मांडीची कातडी काढून जखमेवर लावावी लागली, म्हणून आता वण दोन्ही मांड्यांवर आहेत. तो चालतो, कामावर जातो. गुडघा पूर्ण दुमडला की कातडी ओढली जाते. तुमच्या नोंदवहीत ही इजा किरकोळ धरली की गंभीर, की धरलीच नाही, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर दोन्ही पत्रांत नाही.

एक अडसर आधीच बाजूला करतो. मी ई-सिगारेटची वकिली करत नाही. निकोटिनची चटक, शाळकरी मुलांपर्यंत गेलेलं लोण, साधी सिगारेट सोडायला तिचा उपयोग होतो का, हे वाद जाणकारांनी घालावेत. काही देशांनी तिच्यावर बंदी घातली आहे, काहींनी नोंदणी करून परवानगी दिली आहे. बंदी असते तिथे ती चोरवाटेने येते आणि मग तर तपासणी नावालाही होत नाही. भावाला भेटायला आलेल्यांतले बरेच जण म्हणाले, ‘मुळात ओढायचीच कशाला?’ म्हणू देत. पण या प्रश्नाचा फायदा तुम्हाला होतो, हे तुम्हीही जाणता. भाजलेला माणूस लाजतो, घरचे विषय काढत नाहीत, तक्रार होत नाही. आणि तक्रारी फारशा नाहीत म्हणून धोका फारसा नाही, असा निष्कर्ष तुमच्या अहवालात जातो. तोच सेल विजेरीसाठी घेतलेला असता, तर कोणी त्याला उपदेश केला नसता.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण पत्र वाचणाऱ्या इतरांना कळावं म्हणून सेलबद्दल थोडं सांगतो. ई-सिगारेटच्या मोठ्या उपकरणांत बहुतेक वेळा १८६५० मापाचा सेल असतो: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. ३,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास वीज साठते. आत दोन इलेक्ट्रोडांची घट्ट गुंडाळी, मधे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड प्लास्टिकचा सेपरेटर, म्हणजे दोघांना वेगळं ठेवणारा पडदा, आणि सगळं भिजलेलं असतं पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रावकात. बाहेरचा अख्खा धातूचा डबा म्हणजे ऋण टोक. धन टोक म्हणजे फक्त वरची टोपी. टोपी आणि डब्याची कड यांच्यात अंतर जेमतेम एक-दोन मिलिमीटर, तिथे एक गॅस्केट, म्हणजे वीज अडवणारी कडी, आणि वरून पातळ प्लास्टिकचं आवरण. किल्लीच्या दात्याने ते आवरण कडेला जरा सोललं, की सेल शॉर्ट करायला तीच किल्ली पुरते.

शॉर्ट झालेल्या दमदार सेलमधून पन्नास-शंभर अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. आतलं तापमान ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गेलं की ऋण इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातूनच आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या सुमाराला पॉलिएथिलिनचा सेपरेटर वितळतो. २०० च्या आसपास निकेल-कोबाल्टच्या धन इलेक्ट्रोडमधून ऑक्सिजन सुटायला लागतो. आमच्या धंद्यात याला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा सुरू झाला की किल्ली बाजूला काढली तरी थांबत नाही, कारण तोवर सेल स्वतःच स्वतःला तापवत असतो. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. खिशात हात घालून सेल फेकून द्यायला माणसाला तेवढाही वेळ मिळत नाही, आणि प्रयत्न केला तर हात जातो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार सुट्या सेलची. तीच सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. हा सेल कारखान्यातून निघतो तेव्हा तो पॅकमध्ये जाणार असं धरलेलं असतं. पॅकवर सर्किट असणार, ते जादा करंट तोडणार, ४.२ व्होल्टच्या वर चार्ज जाऊ देणार नाही, फार खाली उतरला तरी तोडणार. लॅपटॉपची बॅटरी अशीच असते, ड्रिल मशीनचीही. माझ्या टेबलावरून सर्किट न बसवलेला एक पॅक जरी गिऱ्हाइकाकडे गेला, तरी मला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ देणार नाहीत. तुम्ही मात्र उपकरणाला उघडणारं झाकण दिलंत, खोक्यावर ‘सेल सोबत नाही’ असं छापलंत आणि मोकळे झालात. हे सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की सुटा सेल ग्राहकाच्या हातात देण्याची वस्तू नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला: सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका, वापरू नका. सेल बनवणारा नको म्हणतो, आयोग नको म्हणतो, आणि उपकरण बनवणाऱ्याचं उत्पादन त्या सेलशिवाय चालूच होत नाही!

एक सेल उतरला की दुसरा घालायचा, हा आराखडा तुमचा. मग दुसरा सेल तोवर कुठे असावा? तुमच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांत, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरांत, तो प्लास्टिकच्या डबीत ठेवावा असं लिहिलं आहे. ती डबी खोक्यात नव्हती. साधी, दोन कप्प्यांची, बिजागरीची डबी. इतकी साधी वस्तू जोडीला देता आली नाही आणि ती न वापरल्याचं खापर मात्र वापरणाऱ्यावर फोडता आलं.

तुम्ही याला गैरवापर म्हणता, म्हणून आकडे मांडतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या वर्षांत तिथल्या बातम्यांत आलेल्या ई-सिगारेटच्या स्फोटाच्या आणि आगीच्या १९५ घटना त्यात आहेत. ६१ वेळा उपकरण किंवा जादा सेल खिशात होता. ६० वेळा उपकरण प्रत्यक्ष वापरात होतं. ४८ वेळा चार्जिंग चालू होतं. १३३ घटनांत माणसांना इजा झाली आणि त्यांतल्या ३८ घटनांत ती गंभीर होती. सगळ्यात वरचा आकडा खिशाचा आहे. वस्तू जिथे सर्वांत जास्त वेळा पेटते, त्या जागी ती ठेवणं हा गैरवापर कसा काय ठरतो? ज्याला तुम्ही अपवाद म्हणता, तो या यादीत पहिल्या क्रमांकावर बसला आहे.

याच प्रशासनाच्या २०१४ च्या अहवालात जेमतेम २५ घटना होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक चार्जिंगच्या. मधल्या काळात उपकरणं मोठी झाली, सेल बदलायची सोय आली, आणि खिसा वर सरकला. हा संबंध मी जोडतो आहे, अहवाल नाही. तो खोडून काढणारी माहिती तुमच्याकडे असेल तर जरूर छापा.

बातम्यांत येतं ते थोडं, दवाखान्यात येतं ते जास्त. तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदींवरून संशोधकांनी २०१८ मध्ये अंदाज काढला: २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत ई-सिगारेटच्या स्फोटाने किंवा भाजल्याने आलेले रुग्ण सुमारे २,०३५. आठ वर्षांच्या बातम्यांत १९५ घटना आणि तीन वर्षांच्या दवाखान्यांत दोन हजारांवर माणसं. मधली माणसं कुठल्याच सुरक्षा अहवालात नाहीत.

इजा कशी असते, तेही लिहितो, कारण तुमच्या पत्रात ‘भाजणे’ असा एकच शब्द आहे आणि त्याने काहीच कळत नाही. सिॲटलच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आपल्या १५ रुग्णांची माहिती दिली. त्यांतल्या ८० टक्क्यांना ज्वाळेने भाजलं होतं, ३३ टक्क्यांना रसायनाने, २७ टक्क्यांना स्फोटाची इजा होती. काहींना तिन्हींपैकी दोन प्रकार एकदम. स्फोटाची इजा म्हणजे दात पडणं, मांस फाटणं, कातडीत काळे कण कायमचे रुतून बसणं. रसायनाची इजा वरून दिसते त्यापेक्षा खोल असते. सेलमधल्या द्रावातलं, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधलं, लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट उष्णतेने आणि ओलाव्याने विघटित झालं की हायड्रोजन फ्लोराइड हा कातडी जाळणारा विषारी वायू तयार होतो, आणि फुटलेल्या सेलमधून अल्कधर्मी पदार्थही जखमेवर सांडतात. म्हणून अशा जखमांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी रुग्णालयात आधी जखमेचा पीएच, म्हणजे ती आम्लाने भाजली की अल्कलीने, हे तपासावं असं सुचवलं आहे. भावाच्या डॉक्टरांनी पीएचचा कागद लावला, ते त्याचं नशीब. सगळीकडे तो लावला जातो का? सेलमध्ये नेमकं काय भरलं आहे, हे डॉक्टरला तातडीने कळेल असं तुमच्या उपकरणावर काहीही छापलेलं नाही.

ही झाली मांडीची गोष्ट. तोंडाजवळ फुटलं तर काय होतं, याच्याही नोंदी आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलाचा जबडा मोडला आणि दात गेले. वर्षभराने त्याचे एक्स-रे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच वर्षी फ्लोरिडात एकाचा जीव गेला. २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये दुसरा गेला. उडालेल्या तुकड्याने त्याच्या मानेतली मुख्य धमनी फाडली.

इथून दुसऱ्या तक्रारीकडे येतो, ती नळीच्या आकाराची. लांबट गोल सेल, त्याभोवती धातूची घट्ट नळी, दोन्ही टोकांना आटे. सेलच्या टोपीखाली दाब सोडणारी झडप असते, ती सेलचा स्फोट टळावा म्हणूनच. पण झडपेतून सुटलेला वायू नळीबाहेर जायला वाट हवी. ती ठेवली नाही, किंवा पिनेएवढं छिद्र ठेवलं, की दाब नळीत साठतो आणि सगळ्यात कच्च्या टोकातून बाहेर पडतो. ते कच्चं टोक अनेकदा ओठांच्या बाजूचंच असतं. २०१४ च्या त्या अहवालाने इशारा दिला होता की हा आकारच असा आहे की सेल बिघडल्यावर उपकरण पेटत्या अग्निबाणासारखं सुटू शकतं. मोबाइल पेटतो तेव्हा तो जागच्या जागी पेटतो. तुमचं उपकरण सुटतं. इतक्या वर्षांनंतरही तुमच्यातले काही जण पूर्ण बंद नळ्या विकत आहेत, आणि त्यांतल्या काहींत तर इलेक्ट्रॉनिक्स औषधालाही नाही: बटण दाबलं की सेल थेट कॉइलला, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेला, जोडला. ४.२ व्होल्ट, कॉइल ०.१ ओहमची, म्हणजे ४२ अँपिअर. सेलवर लिहिलेली मर्यादा २० अँपिअर. हे गणित शाळेतलं आहे. ते करायचं काम उपकरणाचं, धुराचा मोठा ढग काढायला निघालेल्या विशीतल्या मुलाचं नाही.

तिसरी तक्रार चार्जिंगची. यूएसबीचं छिद्र दिसलं की माणूस हाताला लागेल तो चार्जर लावणार, हे सांगायला संशोधन लागत नाही. त्यामुळे चार्ज कुठे तोडायचा हे उपकरणातल्या सर्किटने ठरवायचं असतं. ते सर्किट दुय्यम दर्जाचं असेल तर सेल ४.२ व्होल्टच्या पुढे ढकलला जातो, लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं आणि आतूनच शॉर्ट व्हायची तयारी होते. ‘मोबाइलचा चार्जर वापरू नये’ ही ओळ छापून तुमचं काम संपत नाही. दोन सेल जोडून चालणाऱ्या उपकरणांत तर एक नवा आणि एक थकलेला सेल घातला की थकलेला उलटा चार्ज होण्याची भीती. ते ओळखून उपकरणाने चालूच न होणं कठीण नाही. आम्ही पॅकमध्ये हे रोज करतो.

चौथी, थोडक्यात: खोटी आवरणं. जुने, नाकारलेले सेल नवं आवरण चढवून विकले जातात. चांगल्यात चांगला १८६५० सेल साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतो, आणि बाजारात ९,९०० लिहिलेले सेल सर्रास मिळतात. आकडा वाचूनच लबाडी कळते. विक्रीला परवानगी देणाऱ्यांना ती कळत नसेल तर मी फुकट शिकवायला येईन.

पाचवी तक्रार नियामकांकडे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशात ई-सिगारेटसाठी स्वतंत्र कलम आहे. निकोटिनच्या द्रवाची टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको, भरणीची बाटली १० मिलिलिटरच्या वर नको, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. द्रवाचा थेंब न् थेंब मोजला आहे. बॅटरीला असा एकही आकडा त्या कलमात नाही. अमेरिकेत ग्राहकवस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाच्या कायद्यातून तंबाखू उत्पादनं वगळलेली आहेत, आणि २०१६ पासून ई-सिगारेट तंबाखू उत्पादन म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे गेली. म्हणजे सेल सुटा असला तर एका कार्यालयाचा, उपकरणात घातला की दुसऱ्याचा. मला आलेलं टोलवाटोलवीचं उत्तर कुणा एका कारकुनाचा आळस नव्हता, हे मला इथे उमगलं. रचनाच तशी आहे.

मानकं नाहीत असंही नाही. ई-सिगारेटच्या विद्युत भागासाठी यूएल ८१३९ नावाचं मानक काही वर्षांपासून आहे. त्यात चार्जिंग, सेल, सर्किट, नकळत बटण दाबलं जाणं, या सगळ्यांच्या चाचण्या येतात. पण ते ऐच्छिक आहे. ज्याचा माल चांगला तो पाळतो, आणि ज्याच्या मालाची तपासणी व्हायला हवी तो पाळत नाही. वाहतुकीच्या बाबतीत मात्र कोणी ऐच्छिक म्हणत बसलं नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेट विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवायला मनाई केली आणि विमानात चार्जिंगही बंद केलं. पेटलं तर माणसांच्या नजरेसमोर पेटावं, विझवता यावं, एवढाच हेतू. विमान कंपन्यांची मालमत्ता धोक्यात आली तेव्हा नियम काही महिन्यांत झाला.

सहावी तक्रार माल परत बोलावण्याची. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ पेटू लागला. जगभरातून सुमारे २५ लाख फोन परत बोलावले गेले, बदलून दिलेलेही पेटले तेव्हा उत्पादनच बंद झालं, आणि पुढच्या जानेवारीत कंपनीने सेलमधले दोष चित्रांसकट जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेत पाच लाखांवर होव्हरबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायच्या बॅटरीवरच्या दुचाकी फळ्या, परत मागवले गेले. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, हे किमान आहे. मला दाखवा, तुमच्यापैकी किती जणांनी मांडी भाजल्यावर, जबडा मोडल्यावर नेमका कोणता भाग बिघडला हे कापून, तपासून, जनतेसमोर मांडलं. भावाच्या उपकरणाचे आणि सेलचे अवशेष कंपनीने तपासणीसाठी मागितलेसुद्धा नाहीत. न तपासताच कारण सांगितलं.

‘कोट्यवधी उपकरणं विकली जातात, त्यांत फुटणारी मोजकी’ हा तुमचा ठेवणीतला युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. चांगला सेल, चांगलं सर्किट, नीट चार्जर असेल तर बिघाड अगदी विरळा. पण प्रमाण काढायला वर एक आकडा लागतो आणि खाली एक. कोणत्या मॉडेलची किती नग विकले आणि किती तक्रारी आल्या, यांतला एकही तुम्ही सांगत नाही. आणि जे थोडं घडतं तेही फ्यूज, सर्किट, डबी आणि चार छिद्रं यांनी टळण्यासारखं असेल, तर ते थोडं आहे ही सबब कशाची?

सातवी तक्रार माझ्या घरची नाही, पण ती सोडून पुढे जाववत नाही. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटमध्येही लिथियम सेल असतो, आणि पुष्कळदा तो शेकडो वेळा चार्ज होऊ शकेल असा असतो. ब्रिटनमध्ये २०२३ च्या एका पाहणीनुसार आठवड्याला सुमारे ५० लाख अशी उपकरणं कचऱ्यात जात होती. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जातात, चिरडली जातात, पेटतात. तिथल्या कचरागाड्यांत आणि कचरा केंद्रांत वर्षभरात बॅटरीमुळे लागलेल्या आगी १,२०० च्या वर मोजल्या गेल्या. त्यांतल्या सगळ्याच काही तुमच्या नाहीत, इतर बॅटऱ्याही आहेत. जून २०२५ पासून तिथे या एकदा-वापराच्या उपकरणांच्या विक्रीवर बंदी आली. त्याआधी बेल्जियम आणि फ्रान्सने ती आणली होती. कचरा उचलणाऱ्या माणसाने तर माहितीपत्रक उघडूनही पाहिलेलं नसतं. त्याला तुम्ही कोणत्या पानाचा दाखला देणार?

आता मागण्या. त्या अशक्य नाहीत, त्यांतल्या बहुतेक गोष्टी ड्रिल मशीनच्या बॅटरीत आजच आहेत.

उत्पादकांनी प्रोटेक्शन सर्किट नसलेल्या सुट्या सेलवर चालणारी उपकरणं बनवणं थांबवावं. सेल बदलता येणारच असेल, तर तो दोन्ही टोकं झाकलेल्या, सर्किट असलेल्या पॅकच्या रूपात द्यावा. आधी विकल्या गेलेल्या उपकरणांच्या मालकांना सेल ठेवायची डबी विनामूल्य पाठवावी; पत्ते नसतील तर विक्रेत्यांमार्फत वाटावी.

प्रत्येक उपकरणात शॉर्ट सर्किट, जादा करंट, जादा चार्ज आणि तापमान यांची तोड असावी, सेल उलटा घातला तर उपकरण चालू होऊ नये, बटणाला कुलूप असावं. वायू सुटायची छिद्रं पुरेशी मोठी असावीत आणि त्यांचं तोंड वापरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून दूर असावं. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या बंद नळ्यांची विक्री पूर्ण थांबवावी.

खिशात सेल न ठेवण्याचा इशारा उपकरणावर आणि सेलवर छापावा, माहितीपत्रकात नव्हे. सोबत सेलचं रसायन आणि डॉक्टरांसाठी चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक द्यावा.

नियामकांनी यूएल ८१३९ किंवा त्याच्या तोडीचं मानक सक्तीचं करावं आणि चाचणी उत्पादकाच्या नव्हे, स्वतंत्र प्रयोगशाळेत घ्यावी. नमुना बाजारातून उचलावा. कंपनीने हाताने निवडून दिलेला नको. बॅटरीच्या दुर्घटनेची तक्रार कुठल्याही कार्यालयात आली तरी ती तिथेच नोंदवून योग्य ठिकाणी पोचवणं त्या कार्यालयावर बंधनकारक असावं.

रुग्णालयं आणि अग्निशमन दलं यांच्याकडून येणाऱ्या घटनांची सार्वजनिक नोंदवही ठेवावी. जखमी माणसाचं नाव त्यात नको, मॉडेल आणि सेल मात्र हवेत. तक्रार करणाऱ्याला व्यसनाबद्दल प्रश्न विचारू नयेत. जिथे ई-सिगारेटवर बंदी आहे, तिथे भाजलेल्या माणसाला कारवाईच्या भीतीशिवाय ही नोंद करता यावी.

गंभीर इजेच्या प्रत्येक घटनेत अवशेष ताब्यात घेऊन तपासणी व्हावी आणि अहवाल जाहीर व्हावा. एकाच मॉडेलच्या घटना वारंवार दिसल्या तर तो माल परत बोलावावा. वापरलेली उपकरणं विक्रेत्यांनीच परत घ्यावीत आणि तो खर्च उत्पादकांनी सोसावा.

माझ्या भावासाठी मी या पत्रात काही मागत नाही. त्याचा दावा वेगळा चालेल.

वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य, आणि अमान्य असेल तर कोणत्या तांत्रिक कारणाने, हे एकेक करून लिहा. सोबत त्या त्या मॉडेलच्या शॉर्ट सर्किट आणि जादा चार्जच्या चाचण्यांचे अहवाल जोडा. भाषा तांत्रिक असली तरी चालेल, मला ती वाचता येते. उत्तर मला टपालाने पाठवू नका, तुमच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असं टाका.

आपला,
बॅटरी पॅक जोडणारा एक तंत्रज्ञ